अण्णांसमोर टेकून बसणे

आपल्याला पाठ आहे हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत ती शर्ट नीट बसावा म्हणून दिलेली असते अशी माझी समजूत होती.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. सातपूरच्या एका कारखान्यातली ड्रॉइंग ऑफिसची नोकरी सोडून मी घरीच, इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढून द्यायचा उद्योग सुरू केला होता. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, ते पसंत नव्हतं. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पगार ही वस्तू आपणहून सोडता येते हेच मुळात त्यांना नवीन होतं. पण विरोध असा केला नाही. "जमलं तर उत्तम," एवढंच म्हणाले. त्या 'तर'मध्ये न जमायला भरपूर जागा ठेवलेली होती.

कॉम्प्युटर, प्रिंटर, टेबल सगळं आलं. बसायचं कशावर हा विचार कुणी केला नाही, कारण घरात खुर्च्या होत्या. मी डायनिंग टेबलाची लाकडी खुर्ची ओढली. ती बुटकी पडली म्हणून खाली उशी घेतली. मग मॉनिटर खाली वाटायला लागला, म्हणून त्याच्याखाली टेलिफोन डिरेक्टरी घातली. मग मी पुन्हा बुटका पडलो. असे आम्ही दोघं एकमेकांच्या स्पर्धेत वर वर चाललो होतो.

दिवाळीनंतर पिंपळगावच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसचं मोठं काम मिळालं. नवं शीतगृह, माल निवडायची टेबलं, सरकते पट्टे, सगळ्याची ड्रॉइंग करायची होती. द्राक्षं ड्रॉइंगसाठी थांबत नाहीत, त्यामुळे हंगामाच्या आत ती हातात पडायलाच हवी होती. मी बसलो ते बसलोच. आणि एका सकाळी जमिनीवर पडलेली पेन्सिल उचलायला वाकलो तो तसाच राहिलो. समोर अण्णा पेपर वाचत होते. त्यांना वाटलं मी नमस्कार करतोय. त्यांनी आशीर्वाद दिला. बराच वेळ झाला तरी मी उठेना, तेव्हा मात्र त्यांनी पेपर खाली ठेवला.

डॉक्टरांनी सगळं तपासून विचारलं, "दिवसभर बसता कसे?"

"खुर्चीवर," मी म्हणालो.

"ते झालं. पाठ टेकता का?"

या प्रश्नाचं उत्तर मला खरोखरच माहीत नव्हतं. ते म्हणाले, चांगली ऑफिसची खुर्ची घ्या आणि तिला पाठ टेकून बसा. तसं बसलात तर काम करू शकाल, नाहीतर महिनाभर आडवं पडायचं. महिनाभर आडवं म्हणजे पिंपळगावचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार, मागोमाग माझा उद्योग जाणार आणि मी पुन्हा सातपूरच्या बसच्या रांगेत. अण्णा काही बोलले नसते. तेच जड गेलं असतं.

आमच्याकडे कुठलीही खरेदी एकट्याने होत नाही. बनियन घ्यायलासुद्धा दोघं लागतात. खुर्ची तर मोठी वस्तू. त्यामुळे दुकानात अण्णा, मी, बायको आणि मेहुणा असे चौघं गेलो. मेहुणा सिन्नरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होता, म्हणून जगातल्या प्रत्येक खरेदीत तो असायचा.

दुकानदाराने एक काळी, उंच पाठीची खुर्ची चाकांवर ढकलत आणली. "बसून बघा साहेब."

अण्णा उभे होते. थोरला उभा असताना आपण बसायचं नाही एवढं वळण मला होतं. म्हणून मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही बसा."

अण्णा बसले. अण्णा सहा फुटी. मी आईवर गेलोय. दुकानदाराने खुर्चीची उंची अण्णांच्या मापाने लावली. पाठीचा उंचवटा अण्णांच्या कमरेला लावला.

"दाजी, हायड्रॉलिक आहे," मेहुणा म्हणाला. "हा खटका दाबला की खाली." त्याने खटका दाबला. अण्णा खाली गेले. मग वर आले. मग पुन्हा गेले. पाहणी दौऱ्यावर आल्यासारखा चेहरा त्यांनी शेवटपर्यंत टिकवला.

"कापड मळखाऊ आहे," बायको म्हणाली. आमच्याकडे यापुढे चर्चा नसते.

मग अण्णा उठले आणि मला बसायला सांगितलं. मी अण्णांसमोर बसतो तसा बसलो: पुढच्या कडेवर, हात गुडघ्यांवर ठेवून. अण्णांसमोर मी आयुष्यात कधी टेकून बसलेलो नाही. तसं कुणी बजावलं नव्हतं. शिट्टी वाजवू नको हेही कुणी बजावलं नव्हतं, पण वाजवत नसे.

"दाजी, टेका की," मेहुणा म्हणाला. "मुलगी दाखवायला आणल्यासारखे काय बसलाय?"

"बरी आहे," मी म्हणालो.

दुकानदाराने विचारलं, "पाठीला आधार कसा वाटतो?"

"छान," मी म्हणालो. पाठीचा आणि त्या खुर्चीचा तोवर परिचयही झाला नव्हता. अशा रीतीने माझ्या दुखण्यासाठी, अण्णांच्या मापाची खुर्ची आम्ही एकमताने घेतली.

घरी आल्यावर अण्णांनी कपाटातून एक पांढरा टर्किश टॉवेल काढला, त्याची लांबट घडी केली आणि खुर्चीच्या पाठीवर घातली. "साहेबाच्या खुर्चीला असतो," ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले. त्यांच्या कचेरीत तसा टॉवेल फक्त मोठ्या साहेबांच्या खुर्चीला असायचा. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तो त्यांच्या वाट्याला आला नव्हता, आणि नोकरी सोडलेल्या मुलाला त्यांनी तो स्वतःच्या हाताने दिला होता. आता त्याच्यावर रेलणार कोण?

शिवाय अण्णांची वेताची खुर्ची त्याच हॉलमध्ये, बरोबर माझ्यासमोर. मी नव्या खुर्चीच्या कडेवर बसून काम करू लागलो. पाय जेमतेम टेकत होते. पाठ होती तशीच राहिली, वर आता तिला काही कारण सांगता येईना.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. या वेळी बायको बरोबर आली.

"खुर्ची घेतली?"

"घेतली."

"टेकून बसता?"

"हो."

"टॉवेलची घडी मोडलेली नाही, डॉक्टर," बायको म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी विचारलं, "अण्णा घरी किती वेळ असतात?"

"कायम," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांची खुर्ची चांगली दिसत होती, पण तेही टेकलेले नव्हते. मागच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला बायकोने विषय काढला. "अण्णा, यांना जरा टेकायला सांगा."

"कुठे?"

"खुर्चीला."

"मी कधी नको म्हटलं?"

"म्हटलं नाही. पण तुम्ही समोर असता ना."

अण्णांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी होतो त्याहून थोडा पुढे सरकलो. "अरे, टेक," ते म्हणाले.

हुकूमच झाला, म्हणून टेकलो. ती खुर्ची मागे झुकते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी झपकन मागे गेलो आणि माझे दोन्ही पाय वर उचलले जाऊन तळवे थेट अण्णांच्या तोंडासमोर आले. मी धडपडत सरळ झालो आणि पुन्हा कडेवर येऊन बसलो. चहा सांडला नाही एवढंच.

कुणी हसलं नाही. अण्णांनी चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला. मग आपली वेताची खुर्ची उचलली, तिचं तोंड गॅलरीकडे केलं आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

"उजेड बरा आहे इकडे," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

उजेड तिकडे पहिल्यापासूनच बरा होता. मी खटका दाबून खुर्ची माझ्या मापाला आणली, एकदा अण्णांच्या पाठीकडे पाहिलं आणि हळूहळू, दोन हप्त्यांत, मागे टेकलो.

ड्रॉइंग हंगामाच्या आत पिंपळगावला पोचली. येणारेजाणारे मात्र बायकोला बाजूला घेऊन विचारायचे, बापलेकांचं काही बिनसलंय का. ती सांगायची, "नाही हो, सुधारतंय." अण्णा गॅलरीकडे बघतच दिवस काढायचे. मधूनच मान न वळवता विचारायचे, "टेकलास का?"

"हो अण्णा," मी म्हणायचो, आणि उत्तर देण्यासाठी पुढे सरकून बसायचो.