ओट्यावरचे ०.४२ चौरस मीटर

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतो आहे. खरं सांगतो, बहुतेक अर्ध्यातच सोडून देतो. कुणी अंतर लिहीत नाही, वेळ लिहीत नाही... "काहीतरी होतं" एवढंच. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आता बसला आहे असंही म्हणवत नाही. म्हणून आकडे देतो.

मी बदनापूरला राहतो, नोकरी जालन्यात. बियाणं साफ करायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर यंत्रांची मॉडेलं करतो. रंग किती लागेल हे ठरवायला यंत्राचा बाहेरून दिसणारा पृष्ठभाग काढावा लागतो. त्यासाठी प्रोग्रॅम सगळ्या बाजूंनी लाखो किरण सोडतो. किरण म्हणजे उजेड नव्हे, हिशोबातली सरळ रेघ. ती ज्या पत्र्याला आधी लागते तो दिसतो. त्याच्या मागचा दिसत नाही.

चार वर्षांपूर्वी मुलाचं लग्न ठरलं. त्याच्यासाठी अंगणाच्या आग्नेय कोपऱ्यात एक खोली बांधायचं मी ठरवलं. वडील, म्हणजे आमचे आबा, रोज सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. ते म्हणाले, "माझं ऊन जाईन ना रे."

मी वाद घातला नाही. घराचं मॉडेल केलं, डिसेंबरातला सकाळी नऊचा सूर्य धरला आणि त्या दिशेने किरण सोडले. खोली नसताना ओट्याला ऊन ४.२० चौरस मीटर. खोली असताना ३.१५. प्रिंट काढून आबांच्या हातात दिली.

"आबा, फक्त एक मीटर कमी होऊन राह्यलं. पाऊण हिस्सा ऊन आहेच."

त्यांनी कागद उलटासुलटा पाहिला. "मला बसाया एकच मीटर लागते रे. तेवढंच बराबर घेतलं तू."

"मग खुर्ची तीन फूट उत्तरेला सरकवा."

"तुझा कागद बराबर असन," ते म्हणाले आणि कागदाची घडी करून डगमगत्या खुर्चीच्या पायाखाली सारली.

खोली झाली. आबांनी खुर्ची सरकवली नाही. पहिला हिवाळा ते त्याच जागी सावलीत, शाल गुंडाळून बसले. मी येताजाता म्हणायचो, हट्ट आहे नुसता. दुसऱ्या हिवाळ्यात खोकला धरला आणि संक्रांतीच्या आधी गेले. डॉक्टरांनी कारण फुफ्फुसाचं सांगितलं. उन्हाचा त्याच्याशी संबंध नाही, हे मीही मानतो. मानावंच लागतं.

गेल्या डिसेंबरात कारखान्यात प्रोग्रॅमची नवीन आवृत्ती आली. अशा वेळी माझी पद्धत ठरलेली आहे — उत्तर माहीत असलेली जुनी फाईल आधी चालवायची. मी घराची फाईल घेतली. खोली असताना ३.१५. बरोबर. खोली काढली... ३.७८.

०.४२ कमी. दोन लाख किरण सोडले की फरक तिसऱ्या दशांशात पडतो, पहिल्यात नाही. नवीन आवृत्तीत दोष असेल म्हणून जुनीत चालवली. ३.७८. सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन सगळं घर पुन्हा मोजलं, नव्याने मॉडेल केलं. ३.७८.

शेजारच्या टेबलावर शकीलभाई बसतात. कशासाठी ते न सांगता फाईल त्यांना दिली. त्यांच्या मशीनवरही तेच. ते म्हणाले, "साहेब, खुर्ची काढायची राह्यली तुमची."

"कोणती खुर्ची?"

"ओट्यावर कोणी बसेल हाय ना. किरण बघा कुठं अडकून राह्यले. आता माणसाला बी रंग मारता का?"

मॉडेलमध्ये ओटा, भिंती, दार आणि छप्पर. बाकी काही नाही. अडलेल्या किरणांचे बिंदू मी एकेक तपासले. सगळ्यात वरचा ओट्यापासून चार फूट एक इंचावर. ज्या पृष्ठभागाला ते लागले त्याच्या नावाचा रकाना कोरा. जागा... आबांची. मी सांगितली होती तिथं, तीन फूट उत्तरेला, एकही नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं, हसेल. ती पीठ मळत होती.

"तिथून आई दिसायच्या त्यांना," ती म्हणाली.

आईला सहा वर्षांपूर्वी लकवा झाला. तिची खाट मधल्या खोलीत असते.

"मग बोलले का नाहीत?"

"तुम्ही कागद दिला होता ना त्यांना."

दुसऱ्या दिवशी मॉडेलमध्ये आईची खाट टाकली. आबांच्या डोळ्यांच्या उंचीवरून दाराकडे किरण सोडले. खाटेचा उशाकडचा ०.३१ चौरस मीटर भाग दिसतो. तीन फूट उत्तरेवरून किती, तेही काढलं. शून्य. हा हिशोब चार वर्षांपूर्वीही दहा मिनिटांचाच होता. मी फक्त उन्हाचा केला.

आई अजून आहे. सकाळी नऊच्या सुमारास माझ्या बायकोला म्हणते, "दार पुरं उघड." समोर आता सावली आणि रिकामा ओटा. ती तिकडे बघत पडून असते. काय दिसतं, हे मी विचारलेलं नाही.

मुलगा-सून पुण्याला गेले. खोलीला कुलूप आहे. पाडायचं बोलायला मिस्त्रीला बोलावलं, तर बायको म्हणाली, "आता कोणासाठी?" मिस्त्री चहा पिऊन गेला.

फाईल मी अजूनही चालवतो. खोली ठेवली तर ३.१५, ओट्यावर कुणी नाही. खोली काढली तर ३.७८, आणि ती जागा अडलेली. असं का, हे मला सांगता येत नाही. प्रोग्रॅम विकणाऱ्यांनाही लिहिलं. त्यांनी मॉडेल तपासून बघायला सांगितलं. कुणाला कारण सापडलं तर जरूर कळवा.

मॉडेलमधून खोली काढायला एक बटण दाबावं लागतं. अंगणातली अजून तशीच आहे.