योकूमावशीचा मलिदा

नोमी किहीमकर तशी बाणेदार बाई. रास्ता पेठेत तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्मायचाय. पण लेकाचे होणारे सासू-सासरे इस्रायलमधल्या हैफाहून घरी यायचे ठरले आणि बाईंचा सगळा ताठा कुठल्या कुठे पळाला.

ते मूळचे पोलंडकडचे ज्यू, गोरेपान. किहीमकर कोकणातले बेने इस्रायल, ज्यूच, पण घरात मराठी बोलणारे. एकेकाळी इस्रायलच्या धर्मगुरूंनी आपल्या लोकांचं ज्यूपण तपासायला घेतलं होतं, हे नोमीनं लहानपणी ऐकलेलं. ते मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. व्याह्यांना आपण अर्धेमुर्धे वाटायला नको, बस्स! तिनं बेने इस्रायल ज्याला नवस बोलतात त्या प्रेषिताची, एलियाहू हन्नाबीची तसबीर भिंतीवरून काढून कपाटात टाकली, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सारलं आणि लेकाच्या लग्नासाठी त्याच एलियाहूला बोललेला मलिद्याचा नवस चक्क पुढे ढकलला. "मावशी, तू नंतर ये," असं फोनवर सांगून मोकळी झाली.

आता योखेबेदमावशी, म्हणजे सगळ्यांची योकूमावशी, कोण? नोमीची आई गेल्यावर तिला पोटाशी धरून वाढवणारी. स्वतः लग्न केलं नाही, इस्पितळात नर्सची नोकरी करून हिला शिकवलं. नवस पुढे ढकलतात ही कल्पनाच तिला ठाऊक नव्हती. पाहुणे चहाला बसले आणि मावशी कर्वेनगरहून रिक्षानं हजर! हातात फडक्यानं झाकलेलं ताट. त्यात नवसाचा मलिदा: गूळ-खोबरं घातलेले पोहे, फळं, वर सब्जाची डहाळी.

विहीणबाईंनी कौतुकानं वाकून पाहिलं. "हा हिंदूंचा प्रसाद का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. बिचारीच्या मनात काही नव्हतं.

"हो," नोमी म्हणून गेली. "ह्या आमच्याकडे कामाला येतात. त्यांच्यात असतं असं काहीतरी."

मावशीला इंग्रजी नोमीपेक्षा चांगलं येत होतं.

ती ताट उचलून स्वयंपाकघरात गेली आणि मोरीतले कप विसळायला लागली. नोमी मागोमाग धावली.

"मावशी, ठेव गं ते. चुकलं माझं."

"हळू बोल. पाहुणे ऐकतील," मावशी मागे न वळता म्हणाली.

नोमीचे कान तापले. बाहेर जाऊन खरं सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण लाज अशी की खोटं बोलायचीही वाटली आणि खरं बोलायचीही वाटायला लागली. ती मुकाट्यानं बाहेर येऊन बसली.

हात पुसत मावशी दाराशी आली. "येते बाई," ती म्हणाली. "उद्या भांड्यांना लवकर येऊ का?" जन्मभर 'नोमे' म्हणून हाक मारणारी मावशी ही. मग नेहमीच्या सवयीनं तिनं चौकटीवरच्या मेझुझाला, धर्मवचन ठेवलेल्या त्या छोट्या डबीला, बोटं लावली, ती ओठांशी नेली आणि जिना उतरायला लागली.

ज्यू माणूसच घराबाहेर पडताना असं करतो. विहीणबाईंचा कप हातातच राहिला. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग नोमीकडे.

"कोण आहेत त्या?"

"माझी आई आहे ती," नोमी म्हणाली. पण मराठीत. इंग्रजीत सांगायची तिची छाती झाली नाही.