पान्याची वाट

अकोले तालुक्यातल्या जुन्या घाटवाटा मोबाईलच्या नकाशावर चढवायचं काम माझ्याकडं होतं. वाट दाखवायला गावातली एक मावशी यायची, सारा जन्म त्याच डोंगरात गेलेला. एका घळीच्या तोंडाशी करवंदीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, आडवी टाकलेली दिसली. ही वाट कुठली, असं मी विचारलं. “ती पान्याची वाट हाय,” म्हणत ती पुढं गेली. मी नगरचा शहाणा! पाण्याला जायची वाट, एवढाच अर्थ मला लागला. काटी पायानं बाजूला सारली, दहा पावलं आत गेलो आणि उरलेली रेघ कॉम्प्युटरवर बसून ओढली. रेघेच्या टोकाला पाण्याची खूण म्हणून निळा थेंब टाकला.

मे महिन्यात भर दुपारी एका मुलीचा फोन आला. नकाशावर नंबर माझाच होता. बाटल्या संपल्या म्हणून तिचे वडील थेंब बघून घळीत उतरले होते. दोन तास झाले, हाकेला ओ नव्हती.

“काका, तिथं पाणी आहे ना?”

मी ते पाणी पाहिलंच नव्हतं. आहे म्हणू की नाही म्हणू? तिथंच थांब, एवढंच कसंबसं बोललो.

नशीब, त्या दिवशी मी पायथ्याच्या गावातच होतो. मावशी दोर आणि पाण्याचा कॅन घेऊन निघाली. चढताना एकदाच बोलली, “आरं, पावसाचं पानी उतरतं तिथनं. पान्याची वाट, मानसांची न्हाई.” डोंगरानं मला तिथंच गिळावं असं वाटलं. मी वेड्यासारखा हाका मारत होतो आणि माझाच आवाज परत येत होता.

दुसऱ्या कड्याखाली ते सापडले. पाय मोडलेला, ओठ फुटलेले. तोंडात पाणी घातलं तरी मोबाईल सोडेनात. “इथंच दाखवतंय,” असं पुटपुटत होते.

वाचले ते. मी रेघ पुसली, थेंब पुसला. पण ज्यांनी नकाशा आधीच उतरवून घेतलाय, त्यांच्या मोबाईलमधला कसा पुसू? जीव टांगणीला लागलाय तो लागलाच.

मावशीनं काटी पुन्हा लावली. आता कुणी आत जाणार नाही ना, असं मी तिला विचारलं.

“तू सारलीस,” ती म्हणाली, “तशी दुसरं कुनीबी सारंल.”