बाहेरचा काटा

आमचा वर्षाचा बेदाणा शीतगृहात आहे. आत जरा ऊब शिरली तरी तो काळा पडतो, हे कळल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही. आज सकाळपासून तिसऱ्यांदा दार उघडून आत हात घातला, तेव्हा तिथला ऑपरेटर शिवाप्पा म्हणाला, "काका, गारवा हाय का बघताय, अन् तो तुमच्याच बगलेतनं पळतोय. टेंपरेचरचा काटा भाईर लावलाय की."

मी ओशाळून दार लावलं. पुण्याला शिकणाऱ्या लेकीलाही मी दिवसातून चारदा विचारतो, "बरी आहेस ना?" परवा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारेपर्यंत असते." माझ्या काळजीला दार लावणं ठाऊकच नाही.

हातातला फोन खिशात ठेवून काट्यासमोर बसलो. तो जागचा हलत नव्हता. पाय माझेच हलत होते.