डेलियाच्या बाजूच्या कळ्या

सासूबाईंची नजर मंद होत चालली होती. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून आमच्या पवनीच्या घरात या विषयावर अळीमिळी गुपचिळी. अंगणातली शेवंती त्यांना नुसता पिवळा डाग दिसायची. म्हणून मी हट्टाने डेलिया लावला. ताटलीएवढं एक तरी फूल त्यांना नीट, पाकळी न् पाकळी दिसावं, एवढंच माझ्या मनात होतं.

पण त्यांचं अख्खं आयुष्य धानाच्या पाणी भरलेल्या बांधीत गेलेलं. रोवणी करायची असल्यासारखं त्यांनी कुंड्यांत काठोकाठ पाणी भरून ठेवलं. कंद सडतील म्हणून मी कुंड्या तिरप्या करून ते ओतलं, आणि वर बडबडलेही. पुढे रोप वीतभर झाल्यावर मी शेंडा खुडला, तर घरात रणकंदन. धानाची लोंब शेंड्यातूनच निसवते; शेंडा गेला म्हणजे पीक गेलं, हा त्यांचा हिशेब. याला शेंडा खुडल्यावरच फांद्या फुटतात, हे मी परोपरीने सांगितलं. उत्तर म्हणून अबोला मिळाला. फांद्या फुटल्या तेव्हा बोटांनी चाचपून त्या म्हणाल्या, फुटल्या का, बरं. याहून मोठी शाबासकी त्यांनी मला कधी दिलेली नाही.

खरं भांडण कळ्यांवरून झालं. डेलियाला तीन-तीन कळ्या एकत्र येतात. बाजूच्या दोन काढल्या की मधलीचं फूल मोठं होतं. आणि कळी खुडणं आमच्याकडे पाप. देवाच्या परडीतसुद्धा उमललेलंच फूल जातं. सासूबाई कोवळ्या उन्हात कुंडीशेजारी खुर्ची टाकून राखणीला बसल्या. मी कळीला हात लावला, तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"उमलाच्या आधीच कायले मारून राहिली त्याहिले?"

माझं डोकं तापलं. इतके दिवस घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते मी बोलून गेले.

"तुम्हाले दिसावं म्हणून, आई. लहान फूल तुम्हाले आता दिसत नाही."

मी जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. त्यांनी मनगट सोडलं, झाडाला हात जोडून माफी मागितली आणि खुड म्हणाल्या.

फूल उमललं ते गडद लाल, खरोखर ताटलीएवढं. मी कुंडी ओढत त्यांच्यापुढे आणली. नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन त्यांनी ते सावकाश पाहिलं, वरून, बाजूने, पुन्हा वरून. दिसलं का, असं मी मोठ्या ऐटीत विचारलं.

"दिसलं. फूल झालं पाहून," त्या म्हणाल्या. "आता तुहं तोंड आण इकडं. तेबी पाहून ठेवू दे."

मी त्यांच्यासमोर खालीच बसले. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण ते काही जमलं नाही.