पहिलीवर कोण बसतं?

मोखाड्याच्या बाजारात जीप भरण्याची वाट बघत उभा होतो. वनिताचा भाऊ समोरून आला, हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, वनी मेली. भट्टीवर कावीळ झाली... दवाखान्यात नेली तवा उशीर झालेला." मी काहीतरी बोललो असेन. जीपवाल्याने हाक मारली आणि मी चढून बसलो, एवढंच आठवतं.

वनिता दाभोशाजवळच्या आमच्या पाड्यावरच्या शाळेत शिकली. इयत्ता पाच, शिक्षक दोन, त्यातला एक कायम कुठल्या तरी बैठकीला गेलेला. अशा शाळेत जे मूल लवकर शिकतं, त्याला आम्ही खालच्या वर्गावर बसवतो. वनिता तिसरीत असतानाच पहिलीवर बसू लागली. मुलं तिला 'बारकी बाई' म्हणत. तिचे वडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघताना तिला काकीकडे ठेवून जायचे आणि जाता जाता मला टोचायचे, "गुरुजी, माझे पोरीचा पगार कवा चालू करता?" आम्ही दोघंही हसायचो.

एकदा तिने शाळेच्या ओट्यावर खडे मांडले होते. "गुरुजी, बघा ना! एका खड्याला तीन खडे कोनात लावले, झाला चौकोन. त्याला पाच लावले, परत चौकोन. मग सात... कवापण चौकोनच! असं का होतं?" मला सांगता आलं असतं, निदान तिच्याबरोबर बसून शोधता आलं असतं. मी म्हणालो, "छान. आता हेच पहिलीवाल्यांना दाखव." तिने दाखवलं. नंतरही तिने काही नवं आणलं की मी हेच म्हणत असे. हळूहळू ती विचारेनाशी झाली. पोरगी समजूतदार झाली, असं मला वाटलं.

ती पाचवीत असताना जव्हारला हुशार मुलांसाठी निवासी वर्ग निघाला. काही महिने तिथेच राहायचं, मग मोठ्या शाळेची प्रवेश परीक्षा द्यायची. दर शाळेतून एकच मूल. माझ्या जोडीदार शिक्षकांची नुकतीच बदली झाली होती आणि मी एकटा होतो. मी दुसऱ्या एका मुलाचं नाव कळवलं. तो मुलगा वाईट नव्हता. तो नसला तरी शाळा चालत होती, एवढंच.

"मी नाही जायची?" वनिताने विचारलं.

"तू गेलीस तर बारक्यांना कोण बघेल?"

ती खूश झाली. बाकी सगळ्याला मी काही ना काही कारण शोधतो, पण ती खूश झाली होती... याचं काय करू?

पाचवीनंतर आमच्याकडे वर्ग नव्हता. ती वडिलांबरोबर भट्टीवर गेली. लग्नानंतरही भट्टीच. पुढे एकदा स्टँडवर भेटली, कडेवर मूल. पाया पडली आणि पहिलं काय विचारलं, तर "गुरुजी, आता पहिलीवर कोण बसतं?" मी नाव सांगितलं. "रागावत नाही ना पोरांवर?" म्हणाली.

खड्यांचे चौकोन ओट्यावर अजून दिसतात. मोठी मुलं बारक्यांना शिकवतात, ती बारकी पुढच्यांना. ते पहिल्यांदा कोणी मांडले, हे मुलांपैकी कुणालाच माहीत नाही. परवा चौथीतली एक मुलगी तिथे बराच वेळ बसून होती. मला पाहून म्हणाली, "गुरुजी, चौकोनाच्या जागी तिकोन केला तर किती खडे लागतील?"

मला मोखाड्याला बैठकीला जायचं होतं. रस्त्यावर जीप हॉर्न देत होती.

"आल्यावर बघू," मी म्हणालो. "तोवर पहिलीला घेऊन बस."

जीप वळणावर आल्यावर मला कळलं, मी काय बोललो ते. उतरलो मात्र नाही.