निळ्या रंगाखालची अर्थिंग

ताडकळसच्या बस स्टँडजवळ सिद्धोधनचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, एक बाकडं आणि खिळ्यांना लटकलेली वायरची वेटोळी. कामाला लागला की हा माणूस बोलत नाही, आणि गिऱ्हाईक बोललेलंही त्याला खपत नाही. माझी मोटारसायकल मी कैक वर्षं त्याच्याकडेच नेतो, पण ‘बसा’च्या पुढे आमची गाडी सरकलेली नाही. वायर जोडायची जागा मात्र तो आधी काचकागदानं चकचकीत घासणार म्हणजे घासणारच. घरी जेवायचं ताटसुद्धा काचकागदानंच घासत असेल, अशी त्याची चेष्टा चालते.

यंदा एप्रिल लागला आणि तात्यारावांच्या पिकअपचा अल्टरनेटर जळाला. आमच्याकडे त्याला डायनामोच म्हणतात. ही गाडी एरवी बाजाराला भाजी नेते आणि जयंतीला मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालते. सिद्धोधननं परभणीहून नवा डायनामो मागवून बसवला. थोडे दिवस बरे गेले. मग दिवे मंद झाले, हॉर्न घोगरा झाला, आणि जयंतीच्या आदल्या दिवशी पूर्ण्याच्या रस्त्यावर भर उन्हात गाडी बंद पडली. ढकलून तात्यारावांचा घामटा निघाला आणि डोकंही फिरलं. चहाच्या टपरीवर त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की सिद्धोधननं नव्याच्या नावाखाली जुना माल आपल्या गळ्यात मारला.

हे सिद्धोधनच्या कानावर गेलं आणि त्याला ते फार लागलं. गाव त्याच्याकडे येतं ते त्याच्या शब्दावर. तो गेला आणि गाडी दोरानं ओढून दुकानासमोर घेऊन आला. तात्याराव आणि त्यांची बायको केशरबाई बाकड्यावर बसले. मीही बसलो, मला कोण उठवणार?

त्यानं दुकानातली चार्ज केलेली बॅटरी जोडून इंजिन चालू केलं. पट्टा ताठ होता, फ्यूज शाबूत होते, डायनामोही चांगला करंट देत होता. पण बॅटरी काही चार्ज होईना. मग त्यानं मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि दुसरी चॅसीच्या लोखंडाला. काटा हलायला नको होता, तो हलला. गाडीतला करंट लोखंडातून बॅटरीकडे परत येतो. ती परतीची वाटच, म्हणजे अर्थिंग, अडली होती.

त्यानं अर्थिंगच्या वायरचा बोल्ट खोलला. खाली गुळगुळीत निळा रंग होता. सिद्धोधन तिथंच थांबला.

जयंतीआधी केशरबाई दरवर्षी गाडीला स्वतःच्या हातानं निळा रंग देतात. यंदा नवा डायनामो येईपर्यंत वायर सुटलेली होती, म्हणून ती जागाही त्यांनी दोन हात देऊन रंगवली. आपल्याच रंगानं गाडी अडली, हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. तात्यारावांचा राग मात्र लगेच बायकोकडे वळला. बाईचं काम असंच, मी टपरीवर जाऊन सांगतो सगळ्यांना, असं ते म्हणू लागले. सिद्धोधन आपोआप सुटत होता. त्यानं फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते तर त्याला जन्मापासून येतं.

पण तो बोलला. “तात्या, रंग मावशीचा हाय, चूक माही हाय. वायर बसवताना मला दिसला तो रंग. जयंतीचा रंग म्हणून खरवडायला हात धजला न्हाई. वायसर ठेवून वरूनच आवळलं.”

आताही काचकागद त्याच्या हातात तसाच होता. केशरबाई उठल्या, त्याच्या हातातून तो घेतला आणि स्वतःच ती जागा घासू लागल्या. “बंद गाडीला निळा रंग देऊन काय करू रे? ती पुढं चालाया पायजे,” त्या म्हणाल्या. पांढरं लोखंड दिसेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

सिद्धोधननं वायर आवळली, मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. मग त्यानं शेडच्या कोपऱ्यातला रंगाचा डबा आणून केशरबाईंपुढे ठेवला आणि म्हणाला, आता बोल्टवर वरून खुशाल द्या, गंज धरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघायच्या आधी तात्याराव टपरीवर गेले. डायनामो नवाच होता आणि मीच उगाच बोललो, एवढं त्यांनी आदल्या दिवशीइतक्याच मोठ्या आवाजात सांगितलं. मग गाडीला चावी दिली.